झोंबी तेवढेच, मॉल जास्त : 'डॉन ऑफ द डेड'चा लांब कट

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर मला शिव्या घालू नका. डब्यावर 'एक्स्टेंडेड' लिहिलंय म्हणून जास्तीचं रक्त, जास्तीची आतडी, जास्तीची फुटलेली डोकी मिळतील या आशेने बसणार असाल तर हिरमोड होईल. थिएटरवाल्या कटपेक्षा (कट म्हणजे सिनेमाची एक आवृत्ती) इथे साधारण दहा मिनिटं जास्त आहेत आणि त्या दहा मिनिटांत बहुतेक वेळ माणसं नुसती उभी आहेत, बोलतायत, वाट बघतायत. मला विचाराल तर मजा त्यातच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

सिनेमा म्हणजे जॉर्ज रोमेरोचा १९७८ चा 'डॉन ऑफ द डेड', त्याच्याच १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा पुढचा भाग. पुढचा भाग म्हणायचं पण पात्रं सगळी नवी, पहिला काळापांढरा आणि हा असा रंगीत की डोळे दुखतात. आणि मी ज्या बॉक्सबद्दल लिहितोय तो ब्रिटनच्या सेकंड साइट या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये काढलेला फोर-के लिमिटेड एडिशन. यात सिनेमाचे तीन कट आहेत, थिएटरवाला १२७ मिनिटांचा, लांब कट १३७ च्या आसपास आणि इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंटोने युरोपसाठी कापलेला, दोन तासांचा. वर एक्स्ट्राजची डिस्क, तीन ऑडिओ सीडी, १६० पानांचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक आणि सिनेमावरची कादंबरीसुद्धा. वजन म्हणाल तर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याएवढं. ज्या ब्रिटनमध्ये हा सिनेमा वर्षानुवर्षं कात्री लावूनच दाखवत होते तिथूनच एवढा थाटाचा बॉक्स यावा हे पण भारीच.

आता माझा यात काय संबंध. मी मूळचा डोंबिवलीचा (हो, 'झोंबिवली' आला तेव्हा सगळे विनोद ऐकून झालेत) आणि गेली बारा वर्षं पिट्सबर्गजवळ राहतो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं आमचा रविवार ठरलेला, सकाळी पेन हिल्सच्या बालाजीला जायचं, दर्शन झालं की खालच्या कँटीनमध्ये चिंचभात खायचा आणि मग पोरांना पाय मोकळे करायला मन्रोव्हिल मॉलमध्ये. थंडीत दुसरीकडे जाणार कुठे. तर त्या मॉलमध्ये मी दोन-तीन वर्षं मोजे, कढया, पोराचे स्नोबूट घेत फिरत होतो आणि मला पत्ताच नव्हता की जगातला सगळ्यात प्रसिद्ध झोंबीपट इथेच शूट झालाय. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, आधी वाटलं फिरकी घेतोय. मग सिनेमा पाहिला आणि पुढच्या रविवारी मी मॉलमध्ये वर बघत चाललोय आणि बायको विचारतेय की काय हरवलंय तुझं.

२०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की वॉलमार्टने हा मॉल ३४ मिलियन डॉलरला विकत घेतला आणि पुढे तो पाडून नवीन काहीतरी करायचा विचार आहे. त्याच आठवड्यात मी बॉक्स खाली काढला. तोपर्यंत थिएटरवाला कट चार-पाचदा झाला होता, लांबवाल्याला एकदाही हात लावला नव्हता, कारण सगळीकडे हेच वाचलेलं की तो संथ आहे.

संथ आहेच. तो आधी का आणि कसा तयार झाला ते माहीत असलं की राग कमी येतो. १९७८ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या फिल्मबाजारात वितरकांना दाखवायला रोमेरोने घाईघाईने हा कट जोडला, अर्जेंटोच्या माणसांचं म्हणजे गॉब्लिन बँडचं संगीत तेव्हा हातात नव्हतं, त्यामुळे यात जवळजवळ सगळं लायब्ररीतलं, म्हणजे कोणालाही विकत घेता येणारं तयार संगीत चिकटवलंय. नंतर हाच कट 'डिरेक्टर्स कट' म्हणून विकला गेला आणि तो शिक्का अजून पुसला जात नाही. खरं तर रोमेरोचा स्वतःचा आवडता कट थिएटरवालाच. हा म्हणजे कच्चा खर्डा आहे, पण चांगल्या लेखकाचा कच्चा खर्डा.

फरक सगळ्यात जास्त कुठे जाणवतो तर सुरुवातीला. फिलाडेल्फियातल्या टीव्ही स्टेशनमधला गोंधळ, पोलिसांची ती झोपडपट्टीवजा इमारतीवरची धाड, आणि मग चौघं (टीव्ही स्टेशनवाली फ्रॅन, तिचा हेलिकॉप्टर चालवणारा मित्र स्टीफन आणि दोन पोलीस) हेलिकॉप्टरने पळतात आणि पुढे मॉलमध्ये आसरा घेतात, त्याच्या मध्ये बंदरावरचा एक सीन आहे. थिएटर कटमध्ये तो बराच छाटलाय. इथे तो लांब चालतो, तिथे पळून निघालेले दुसरे पोलीस भेटतात, दोन्ही बाजूंच्या हातात बंदुका, सिगरेट मागतात, कोण कुठे चाललंय याची चाचपणी. त्यांच्यातला एक म्हणजे जो पिलाटो, जो पुढच्या भागात, 'डे ऑफ द डेड'मध्ये, कॅप्टन ऱ्होड्स झाला, ज्यांनी तो पाहिलाय ते त्याला इथे बघून खुर्चीत सरसावून बसणार. सीनमध्ये घडत काहीच नाही, पण कायदा गेल्यावर गणवेशातली माणसं एकमेकांकडे कशी बघतात ते त्या दोन-तीन मिनिटांत कळतं. एवढ्यासाठी तरी हा कट एकदा बघाच.

मॉलमध्ये शिरल्यावर मात्र हात जास्त सैल सुटलाय. सामान ढकलणं, जिन्यावरून ये-जा, वरच्या खोलीत बसून टीव्हीवरची तज्ज्ञांची भांडणं ऐकणं, हे सगळं थोडं थोडं लांबलंय आणि पहिल्यांदा बघणारा नक्की मोबाईल काढेल. पण मला त्यातच काहीतरी सापडलं. थिएटर कटमध्ये त्यांचं मॉलमधलं ऐशोआरामाचं जगणं हा एक तुकडा वाटतो, इथे तो खरोखर महिने गेल्यासारखा वाटतो. फुकटचे कोट, फुकटची घड्याळं, बँकेतून उचललेल्या नोटा (नोटांचं काय करणार हे कोणालाच माहीत नाही पण घेतल्या बुवा), मेणबत्ती लावून जेवण, स्टीफन अंगठी देतो आणि फ्रॅन नको म्हणते कारण आता ते खरं नसेल. ती पोटुशी आहे आणि आरशासमोर भडक मेकअप करून हातात पिस्तूल घेऊन बसलीय. लांब कटमध्ये कंटाळा असा साचत जातो, आणि तो त्यांचा आहे की माझा हे मला एका क्षणी कळेना. हा दोष म्हणायचा की गुण ते तुमच्यावर सोडतो. मला आवडलं, बायको त्याच वेळी उठून भांडी लावायला गेली.

आता रक्ताबद्दल, कारण अर्धे लोक त्यासाठीच वाचतायत. मेकअप टॉम सॅव्हिनीचा, तो व्हिएतनाममध्ये लष्करी फोटोग्राफर होता आणि जे तिथे पाहिलं ते इथे उतरवलं असं तो स्वतः सांगतो. पण बनावट रक्त थ्रीएम कंपनीचं होतं आणि ते फिल्मवर असं काही उमटलं की विचारू नका, मेणाचे लाल खडू वितळवून ओतल्यासारखं. सॅव्हिनी वैतागला, रोमेरोला मात्र ते कॉमिक्ससारखं दिसतंय म्हणून आवडलं. झोंबींचे चेहरे राखाडी रंगवलेले, काही शॉट्समध्ये ते सरळ निळे दिसतात. फोर-केमध्ये एचडीआर (रंग आणि उजेड जास्त ठळक दाखवणारी सोय) चालू केलं की हे सगळं दुप्पट होतं, म्हणजे रंगपंचमीला कोणीतरी खुनाखुनी करतंय असं. कोणाला हे खोटं वाटेल, मला उलट त्यामुळे बघवतं. आजकालचं काळपट, चिकट, ओलं रक्त मला सहन होत नाही, हे चालतं.

कारागिरी बघायची असेल तर रिमोट हातात ठेवा. सुरुवातीच्या धाडीत एका माणसाचं डोकं बंदुकीच्या गोळीने अक्षरशः उडतं, ते डोकं खरं तर फ्रॅनच्या भूमिकेतल्या गेलन रॉसच्या चेहऱ्याच्या साच्यावरून केलेलं होतं, कारण मूळ पटकथेत शेवटी ती हेलिकॉप्टरच्या पात्यात डोकं घालते असं होतं. शेवट बदलला, डोकं उरलं, मग त्याला दाढीबिढी लावून इथे वापरलं. आपल्याकडे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करतात तसं. आणि हेलिकॉप्टरच्या पात्याने ज्या झोंबीची कवटी कापली जाते त्याचं कपाळ नीट बघा, फोम लावून उंच केलंय, एकदा दिसलं की पुन्हा तो सीन गंभीरपणे बघता येत नाही. फोर-केमध्ये तर लगेच दिसतं. हा फायदा की तोटा माहीत नाही.

शेवटी मोटरसायकलवाल्यांची टोळी मॉल फोडते तिथे मात्र आतडी, हात, मान सगळं येतं, पोट रिकामं ठेवून बघू नका आणि भरलेलं ठेवूनही बघू नका. त्यातला माझा लाडका तुकडा म्हणजे मॉलमधलं नाणं टाकून रक्तदाब मोजायचं मशीन. एवढी लूटमार चाललीय, झोंबी अंगावर येतायत आणि एक मोटरसायकलवाला निवांत त्यात हात घालून बीपी बघत बसतो. झोंबी त्याला ओढून नेतात, हात मशीनमध्येच राहतो आणि काटा शून्यावर येतो. एवढा काळा विनोद १९७८ साली! आणि टोळीतल्या मोठ्या सुऱ्यावाल्याकडे लक्ष ठेवा, मिशाळ, उड्या मारणारा, तो स्वतः सॅव्हिनी आहे.

आईचं सांगायचं राहिलं. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती, आणि मी रात्री एकटाच बघणार होतो पण तिला झोप येत नव्हती, येऊन सोफ्यावर स्वेटर विणत बसली. म्हटलं आई, हे तुला झेपणार नाही. म्हणाली मी दूरदर्शनवर काय काय पाहिलंय ते तुला माहीत नाही. पहिल्या धाडीत ती बाई नवऱ्याला मिठी मारायला धावते आणि तो तिच्या खांद्याचा लचका तोडतो तेव्हा विणकाम थांबलं, दोन मिनिटं काही बोलली नाही, मग "तिला कळायला नको होतं का" एवढंच. त्यानंतर मात्र रमली. झोंबींना नावं ठेवायला लागली. नर्स, नन, बेसबॉलच्या कपड्यातला. आणि मग भगवी वस्त्रं, मुंडण केलेला हरे कृष्णवाला झोंबी आला तर सुया खाली ठेवून म्हणाली, "अरे, हा तर इस्कॉनवाला! याने काय पाप केलं?" मी हसून हसून लोळलो. तो फ्रॅनवर चाल करून जातो तेव्हा आई त्याला मराठीत परत जायला सांगत होती.

मेलेली माणसं मॉलमध्येच का येतात याचं उत्तर सिनेमात स्टीफन देतो, सवय, आठवण, जिवंतपणी ही जागा त्यांच्यासाठी महत्त्वाची होती. हे वाक्य इतक्या वेळा इतक्या लेखांत येऊन गेलंय की त्याचा चोथा झालाय, पण आई म्हणाली "तुम्ही पण दर रविवारी जाताच की", त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडं. थिएटर कट मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून फोर-केमध्ये स्कॅन केलाय आणि सिनेमाचा छायालेखक मायकेल गॉर्निक याच्या देखरेखीखाली रंग बसवलेत. लांब कटमध्ये समान भाग त्याच निगेटिव्हमधून घेतलाय आणि जास्तीचे तुकडे दुसऱ्या, निगेटिव्हवरून कॉपी केलेल्या फिल्मवरून, त्यामुळे नीट बघितलंत तर कळतं की आता जास्तीचा तुकडा सुरू झाला, ग्रेन जाड होतं, कडा किंचित मऊ पडतात. मला ते खटकलं नाही, उलट शिवण दिसते तसं वाटलं, आपोआप कळतं कुठे काय जोडलंय. आवाज लांब कटला मोनोच आहे, साधा, स्वच्छ. घरी थिएटर सिस्टिम लावून भिंती हलवायचा बेत असेल तर थिएटर कट लावा, त्याला जास्त पर्याय आहेत.

संगीताचा मात्र मोठा तोटा. गॉब्लिनचे ते धडधडणारे सूर लांब कटमध्ये नाहीत म्हटलं तरी चालेल, त्याऐवजी लायब्ररीतलं कधी जुन्या बातमीपटासारखं, कधी कवायतीसारखं वाजत राहतं. काही ठिकाणी ते सीनला अजिबात शोभत नाही. उलट अर्जेंटोच्या कटमध्ये गॉब्लिन भरभरून आहे, विनोद छाटलाय, सगळं पळतं, इटलीत तो 'झोंबी' नावाने आधी लागला आणि तिकडे चालला पण जोरात. तिन्ही पाहिल्यावर मजेशीर वाटतं, माल तोच, अर्जेंटोने त्याचा मारधाडपट केला, रोमेरोने थिएटरसाठी त्यातून चिमटे काढणारा सिनेमा केला आणि लांब कट म्हणजे दोघांच्या आधीचं सामान टेबलावर पसरलेलं.

एक्स्ट्राज भरपूर आहेत, सगळे मी बघितलेले नाहीत, खोटं कशाला बोलू. रॉय फ्रुमकिसची 'डॉक्युमेंट ऑफ द डेड' ही शूटिंगच्या वेळीच केलेली डॉक्युमेंटरी जरूर बघा. रात्री मॉल बंद झाल्यावर अकराच्या सुमारास कामाला लागायचं ते पहाटेपर्यंत, सकाळी सातला मॉलचं म्युझिक आपोआप सुरू व्हायचं की गाशा गुंडाळायचा. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केलं आणि ख्रिसमसच्या दिवसांत थांबवावं लागलं, कारण रोज रात्री सजावट काढा आणि सकाळी परत लावा हे कोण करणार. लांब कटवर निर्माता रिचर्ड रुबिन्स्टाइनची कॉमेंट्री (सिनेमा चालू असताना ऐकायचं बोलणं) आहे, पैशाचं आणि वितरणाचं बोलतो, मला आवडली पण झोपही लागली. कलाकारांची कॉमेंट्री अर्जेंटो कटवर आहे, ती ऐका, चौघं जुन्या मित्रांसारखे एकमेकांना टोमणे मारतात.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. फोर-के डिस्क कुठल्याही देशातल्या फोर-के प्लेअरवर चालतात, पण एक्स्ट्राजची ब्लू-रे युरोपच्या रीजनची, म्हणजे फक्त त्या भागातल्या प्लेअरसाठी कुलूपबंद आहे, त्यामुळे अमेरिकेत किंवा भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती चालेल असं धरून चालू नका, रीजन-फ्री प्लेअर असेल तरच. लिमिटेड एडिशन कधीच संपलीय, आता मिळते ती दुसऱ्या हाताने आणि वाटेल त्या भावाने. माझा सेट मी एका विक्रेत्याकडून मागवला, त्याने पातळ पाकिटात घालून पाठवला, एक कोपरा पार चेपलेला आला आणि फोटो पाठवल्यावर उत्तर आलं की डिस्क चालतात ना. चालतात. पण एवढा पैसा डिस्कसाठीच देतो का माणूस? घेताना पॅकिंग कसं करणार ते आधी विचारा, लाजू नका.

आणि क्रम चुकवू नका. आधी थिएटर कट, मग अर्जेंटो, मग सहा महिने जाऊ द्या आणि पावसाळी रविवारी, घरात काही काम नसताना लांब कट लावा. पहिल्यांदाच लांब कट बघून "यात एवढं काय आहे" म्हणणारे तीन जण मला माहितेयत, त्यातला एक माझा सख्खा मेहुणा. रेटिंग द्यायचंच तर बॉक्सला पाचपैकी पाच, लांब कटला साडेतीन, मी मन्रोव्हिलला राहत नसतो तर तीन.

त्या पुढच्या रविवारी बालाजीहून येताना आईच म्हणाली चल त्या मॉलला. अर्धी दुकानं अंधारात होती. सिनेमात दिसतं ते बर्फावर घसरायचं रिंगण ऐंशीच्या दशकातच काढून तिथे फूड कोर्ट केलेलं, सिनेमातला तो लाकडी पूल आता शहरातल्या हाइन्झ हिस्टरी सेंटरमध्ये आहे, आणि बंदुकांचं दुकान तर मॉलमध्ये कधी नव्हतंच, तो सीन शहरात दुसरीकडे शूट केलेला. म्हणजे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिला रोमेरोचा अर्धपुतळा दाखवला, तिने चष्मा वर करून त्याच्या जाड चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चांगला वाटतो रे माणूस." मग जिन्यापाशी थांबून विचारलं, तो इस्कॉनवाला कुठून आला होता. मला नक्की आठवत नव्हतं, मी आपला एक बंद शटर दाखवलं, तर तिने पर्स जवळ धरली आणि त्याच्या लांबून वळसा घालून गेली.